भंगारवाला चिप्सचं पाकीट का घेत नाही?

दिवाळीच्या साफसफाईआधी आमच्याकडे महिनाभर एक उद्योग चालला होता, दुकानातून घरात जे काही पॅकिंग येईल ते फेकायचं नाही, पुसून बाल्कनीतल्या गोणीत टाकायचं. बायकोला वाटलं मी काहीतरी पर्यावरणाचं मनावर घेतलंय, खरं कारण एवढंच की ओला-सुका करायचा कंटाळा आलेला. महिन्याच्या शेवटी भंगारवाल्या मामांना बोलावलं, त्यांनी गोणी जमिनीवर ओतली आणि पाच मिनिटांत चार ढीग केले. पाण्याच्या आणि कोल्ड्रिंकच्या बाटल्या एकीकडे, दुधाच्या पिशव्या दुसरीकडे, शाम्पू-फिनेलचे कडक डबे तिसरीकडे. चौथा ढीग सगळ्यात मोठा होता, चिप्स, बिस्किटं, मसाले, नूडल्स, शाम्पूचे सॅशे, केचपच्या पुड्या. तो त्यांनी परत गोणीत भरला आणि गोणी माझ्याच हातात दिली. "हे नको दादा, याचं काय होत नाय."

प्लास्टिक कचऱ्यावर जेवढे लेख वाचले त्या सगळ्यांपेक्षा हे एक वाक्य जास्त कामाचं निघालं. कारण रस्त्यावर, नाल्यात, घाटाच्या कडेला काय दिसतं ते आठवून बघा, अख्खी पाण्याची बाटली फार वेळ पडून राहत नाही, कोणीतरी उचलतंच. पडून राहतात ती पाकिटं. ज्याला भाव आहे ते उचललं जातं, ज्याला नाही ते पडून राहतं, आणि भाव असणार की नाही हे त्या पाकिटाचं डिझाइन ज्या टेबलावर झालं तिथंच ठरलेलं असतं, आपण ते कुठल्या डब्यात टाकतो त्याच्या कितीतरी आधी.

मग चिप्सच्या पाकिटात असं काय आहे? चिप्सला तीन शत्रू, ओल, ऑक्सिजन आणि उजेड. ओल लागली की मऊ पडतात, ऑक्सिजन आणि उजेडानं तेल खवट होतं. म्हणून पाकिटाला थर असतात. बाहेरचा थर छपाईसाठी, मधे अॅल्युमिनियमचा अतिशय पातळ मुलामा दिलेली फिल्म, आणि आतला थर गरम करून चिकटवण्यासाठी म्हणजे सील व्हायला. सगळं मिळून जाडी माणसाच्या केसाच्या आसपास किंवा त्याहून कमीच, आणि एवढ्यात दोन-तीन वेगळी मटेरियल्स एकमेकांना गोंदानं कायमची चिकटवलेली. आत नायट्रोजन भरतात, त्यामुळे पाकीट फुगतं (अर्धं पाकीट हवा म्हणून आपण शिव्या घालतो ती हवा हीच). इंजिनिअरिंग म्हणून बघितलं तर जबरदस्त वस्तू आहे, काही ग्रॅमच्या पाकिटात चिप्स महिनोन्महिने कुरकुरीत राहतात. पण ते थर नंतर वेगळे कोण करणार? वेगवेगळी प्लास्टिकं एकत्र वितळवली तर ती एकमेकांत नीट मिसळत नाहीत, त्यातून ठिसूळ, कुठल्याच धड कामाचा नसलेला माल निघतो. या पाकिटांना धंद्यात एमएलपी म्हणतात, मल्टिलेयर प्लास्टिक.

रिसायकलिंग म्हणजे प्लास्टिक मशीनमध्ये टाकलं आणि नवं बाहेर आलं असं आपल्याला वाटतं, पण त्यातलं निम्मं काम वेगळं करण्याचं असतं. धारावीच्या तेरा कंपाउंडसारख्या ठिकाणी माणसं प्लास्टिकचा आवाज ऐकून, वाकवून, कधी जाळून वास घेऊन सांगतात की हे कुठलं. मग तुकडे करायचे, धुवायचे, वितळवून दाणा काढायचा, म्हणजे नव्या वस्तूंसाठीचा कच्चा माल. बाटल्यांच्या तुकड्यांसाठी एक साधी युक्ती वापरतात, पाण्यात टाकायचं. बाटली पेट प्लास्टिकची असते, ती पाण्यापेक्षा जड म्हणून बुडते, झाकण पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिथिनचं असतं, ते तरंगतं. झाले वेगळे, विजेचा खर्च जवळजवळ शून्य. पण समजा बाटलीवर पीव्हीसीचं घट्ट बसवलेलं लेबल आहे, तर पीव्हीसीसुद्धा बुडतं, पेटच्या बरोबरच खाली जातं, आणि पेट वितळवायला अडीचशे अंशांच्या वर तापमान लागतं तोपर्यंत पीव्हीसी जळून त्यातून आम्ल सुटतं आणि सगळा माल पिवळा पडतो. एका लेबलपायी अख्ख्या लॉटचा भाव पडतो. लेबल ठरवणारा माणूस कुठल्यातरी एसी ऑफिसात बसलेला, त्याला चकाकी हवी होती, बास.

रंगाचंही तसंच. पारदर्शक पेटला चांगला भाव कारण त्याला पुढे कुठलाही रंग देता येतो, हिरव्या बाटलीपासून मात्र परत हिरवं नाहीतर गडदच. स्प्राइटची हिरवी बाटली कित्येक दशकं म्हणजे त्या ब्रँडची ओळखच होती, पण २०२२ मध्ये अमेरिकेत त्यांनी ती पारदर्शक केली, हिरवा रंग फक्त लेबलवर ठेवला. प्लास्टिक एक ग्रॅमनंही कमी झालं नाही तरी कचरा म्हणून त्या बाटलीची किंमत बदलली. डिझाइन डिझाइन म्हणतात ते बऱ्याचदा इतकं बारीक असतं.

आता दुधाची पिशवी घ्या. ती पण पातळच, अर्ध्या लिटरची रिकामी पिशवी हातात घेतली तर वजन चिप्सच्या पाकिटासारखंच लागतं. मग मामा ती का घेतात? एक तर ती सगळी पॉलिथिनच्या जातीची, मुलामा नाही, दुसरं प्लास्टिक नाही, म्हणजे थेट दाणा होतो. दुसरं, ती घरात साठते, रोज दोन धरल्या तर महिन्याला साठ, आणि आपल्याकडे ती धुऊन वाळवून ठेवायची सवय आई-आजीपासून आहे. चिप्सचं पाकीट घरी क्वचित संपतं, ते बसमध्ये, गडावर, शाळेच्या बाहेर संपतं, एकेक, तेलकट, इकडे तिकडे विखुरलेलं. रिकामं पाकीट तीन ग्रॅमचं धरलं तर एक किलो व्हायला साडेतीनशेच्या आसपास पाकिटं वेचायला लागणार, म्हणजे साडेतीनशे वेळा वाकायचं. लिटरच्या पाण्याच्या बाटल्या चाळीस-पन्नासात किलो भरतो. कोणाचीही पाठ हिशोब करते हो.

पुण्यात स्वच्छ ही कचरावेचकांची सहकारी संस्था २००८ पासून महापालिकेसोबत घरोघरचा कचरा गोळा करते आणि विकण्यासारखा सुका माल विकून येणारे पैसे त्या ताईंचे स्वतःचे असतात. त्यामुळे कंपनी पॅकिंग कसलं निवडते यावर त्यांची कमाई ठरते, एमएलपी निवडलं तर तेवढं ओझं वाहायचं पण हातात काही नाही. पुण्यातच अशाया नावाच्या स्टार्टअपनं २०२३ मध्ये चिप्सच्या पाकिटांपासून गॉगल बनवून दाखवले, बातमी खूप फिरली होती. भारी काम आहे, मनापासून, पण देशात रोज जेवढी पाकिटं फुटतात तेवढे गॉगल घालायला डोळे कुठून आणायचे.

म्हणून खरा उपाय पाकिटाच्या आतच शोधायला लागतो. त्याला मोनो-मटेरियल म्हणतात, सगळे थर एकाच कुटुंबातल्या प्लास्टिकचे ठेवायचे, उदाहरणार्थ छपाईचा थर पॉलिप्रॉपिलीन, मुलाम्याखालची फिल्म पॉलिप्रॉपिलीन, सीलही त्याच जातीचं. मुलाम्याचं अॅल्युमिनियम इतकं कमी असतं की ते रिसायकलिंगमध्ये सहसा आडवं येत नाही. अशी पाकिटं बनतात, तंत्रज्ञान आहे. मग सगळे का वापरत नाहीत? कारण सध्याची पॅकिंगची मशीनं जुन्या फिल्मच्या तापमानाला आणि वेगाला सेट केलेली, नवीन फिल्म सील होताना आक्रसते किंवा मशीन हळू चालवायला लागतं, आणि हळू मशीन म्हणजे पैसे. शिवाय आहे ते चालू ठेवलं तर कोणी फार बोलत नाही.

बोलणार होते खरं तर. २०१६ च्या केंद्राच्या प्लास्टिक कचरा नियमांत लिहिलं होतं की रिसायकल न होणारं मल्टिलेयर प्लास्टिक दोन वर्षांत बंद करायचं. दोन वर्षं भरत आली आणि मार्च २०१८ मध्ये दुरुस्ती झाली. आता बंद कुठलं करायचं, तर जे रिसायकल होत नाही, ज्यातून ऊर्जाही मिळवता येत नाही आणि ज्याचा दुसरा काहीच उपयोग नाही असं एमएलपी. म्हणजे सिमेंटच्या भट्टीत जाळता येत असेल तर चालेल. जळत तर सगळंच! एका वाक्यात चार शब्द वाढले आणि पाकीट वाचलं.

गंमत म्हणजे त्याच महिन्यात, २३ मार्च २०१८ ला, महाराष्ट्राची प्लास्टिकबंदी आली. पाच हजारांचा दंड, बाजारात पथकं फिरतायत, लोक भाजी रुमालात बांधून आणतायत, आठवत असेल. बंदीची भावना समजण्यासारखी होती, २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि तुंबलेल्या गटारांत पिशव्या सापडल्या, तेव्हापासून पिशवी हा महाराष्ट्राचा व्हिलन आहे. पण बंदीत कंपनीत पॅक होऊन येणारा माल वगळलेला होता, आणि जूनमध्ये अंमलबजावणी सुरू झाल्यावर काही दिवसांतच किराणा दुकानदारांनाही जाड प्लास्टिकच्या पॅकिंगची सूट मिळाली. म्हणजे भाजीवाल्या मावशींची पिशवी गेली आणि त्यांच्या शेजारच्या दुकानात लटकणारी पाकिटांची माळ तशीच राहिली. हे मी बंदीच्या विरोधात म्हणत नाहीये, पिशवी कमी झालीच पाहिजे, फक्त पिशवी हा दुकानातल्या प्लास्टिकचा दिसणारा तुकडा आहे आणि दिसतं त्यावरच बंदी घालायला सोपं जातं.

त्या बंदीत एक कल्पना मात्र फार चांगली होती, जिची कोणी धड आठवणही काढत नाही. दुधाच्या पिशवीवर पन्नास पैसे परतावा छापायचा, रिकामी पिशवी दुकानात द्या आणि पन्नास पैसे घ्या. बाटल्यांसाठीही तसंच. यालाच डिपॉझिट सिस्टिम म्हणतात आणि आपल्याला ती नवीन नाही, मुंबईकरांना आरेच्या दुधाच्या काचेच्या बाटल्या आठवतील, रंगीत पट्ट्यांची फॉइलची झाकणं, रिकामी बाटली दिल्याशिवाय भरलेली मिळायची नाही, आणि एखादी फुटली तर घरात जे रामायण व्हायचं ते वेगळंच. कोल्ड्रिंकच्या बाटलीचं डिपॉझिट म्हणून आईनं दिलेले सुट्टे पैसे परत आणून देताना मधे गोळी घेतलेली पण आठवेल.

पण दुधाच्या पिशवीचं ते चाललं नाही, आणि का चाललं नाही ते बघण्यासारखं आहे कारण त्यातच डिझाइनचा धडा आहे. पिशवी पहाटे दाराला लावून जाणारा मुलगा रिकाम्या पिशव्या मोजत बसणार का? दुकानदारानं घेतल्या तर ठेवायच्या कुठे, त्याच्याकडे फ्रीज ठेवायला जागा नाही, आणि न धुतलेल्या पिशव्यांना दुपारपर्यंत जो वास सुटतो तो सांगायला नको. त्याला त्या कामाचे काय मिळणार? पिशवी त्याच्याकडूनच घेतलीय की दुसऱ्याकडून हे कसं कळणार? आणि पन्नास पैशाचं नाणं शेवटचं कधी बघितलंत? रक्कम इतकी लहान की माणूस त्यासाठी जिना उतरत नाही.

याच्या उलट निलगिरीत काय केलं बघा. तामिळनाडूत दारूची दुकानं सरकारी, टास्मॅकची. डोंगरात फुटलेल्या बाटल्यांनी जनावरं जखमी होतात म्हणून प्रकरण मद्रास हायकोर्टात गेलं आणि मे २०२२ पासून तिथं प्रत्येक बाटलीवर दहा रुपये जास्त घ्यायला लागले, बाटली परत दिली की दहा रुपये परत. बाटलीवर वेगळा स्टिकर, म्हणजे बाहेरची बाटली आणून पैसे मागता येत नाहीत. बाटल्या परत यायला लागल्या, आणि ज्यांनी रस्त्याकडेला टाकल्या त्यांच्या दुसऱ्या कोणीतरी वेचून आणल्या, कारण आता ती बाटली म्हणजे पडलेली दहाची नोट. केदारनाथलाही २०२२ मध्ये प्लास्टिकच्या बाटल्यांवर क्यूआर कोड लावून दहा रुपयांचं हेच केलं. जर्मनीत २००३ पासून एकदाच वापरायच्या बाटलीवर २५ सेंट घेतात, सुपरमार्केटमध्ये मशीन असतं, त्यात बाटली घातली की पावती मिळते आणि ती बिलात वजा होते, तिथं जवळजवळ सगळ्या बाटल्या परत येतात. तिथं राहणाऱ्या आपल्या मराठी पोरांना विचारा, शनिवारी बाटल्यांची पिशवी घेऊन रांगेत उभं राहणं हा आठवड्याचा कार्यक्रम असतो. मुद्दा काय, तर रक्कम टोचेल एवढी हवी, परत द्यायची जागा विकत घेतो तिथंच हवी, दुकानदाराला त्याचं काहीतरी मिळायला हवं आणि बाटली कुठली ते ओळखता यायला हवं. चारपैकी एक जरी सुटलं तरी बाकीची तीन कामाची राहत नाहीत.

दुधाच्या पिशवीचा अजून एक बारीक घोळ आहे, कोपरा. आपण कात्रीनं टोक कापतो आणि तो नखाएवढा तुकडा सिंकमध्ये जातो, पिशवी रिसायकल होते, तुकडा नाही. चीर द्या पण टोक पूर्ण तोडू नका, एवढंच. युरोपात हाच विचार करून ३ जुलै २०२४ पासून तीन लिटरपर्यंतच्या बाटल्यांचं झाकण बाटलीलाच जोडलेलं ठेवायचा नियम आला, पिताना नाकाला लागतं म्हणून लोक वैतागतात पण झाकण हरवत नाही. पिशवीचं टोक न सुटणारं डिझाइन आपल्याकडच्या डेअऱ्यांना अशक्य आहे असं मला तरी वाटत नाही.

आता सॅशेकडे येऊ. शाम्पूची पुडी ही आपली, म्हणजे दक्षिणेतली देणगी, तामिळनाडूतल्या कडलूरच्या चिन्नी कृष्णन यांनी शाम्पू पुडीत भरून विकायची कल्पना रुजवली आणि महिन्याची बाटली न परवडणाऱ्या माणसाला एका अंघोळीपुरता शाम्पू मिळाला. त्याला नावं ठेवायची माझी हिंमत नाही. पण भूमिती बघा. दहा सेंटिमीटरचा एक चौकोनी डबा घ्या, त्यात एक लिटर मावतं आणि त्याला बाहेरून ६०० चौरस सेंटिमीटर आवरण लागतं. तोच एक लिटर पाच सेंटिमीटरच्या आठ डब्यांत भरा, आवरण झालं १२००. एकेक सेंटिमीटरच्या हजार डब्यांत भरा, ६०००. माल तेवढाच, आवरण दहापट. त्यात आपल्याकडे पाच आणि दहा रुपयांची किंमत देवासारखी अढळ, महागाई वाढली की किंमत तीच ठेवून आतला माल कमी करतात, म्हणजे दर ग्रॅममागे पॅकिंग वाढतच जातं. आणि पुष्कळ वेळा पुडीतला शाम्पू मिलिलिटरमागे बाटलीपेक्षा स्वस्त पडतो, त्यामुळे ज्यांना बाटली परवडते ते पण माळ आणतात. आमच्या घरात पण आहे, खोटं कशाला बोला.

मग सुटं विका ना, डबा घेऊन या आणि भरून न्या, पूर्वी नाही का मिळायचं? इथं थोडं थांबायला पाहिजे. १९९८ मध्ये दिल्लीत सुट्या मोहरीच्या तेलात पिवळ्या धोतऱ्याच्या बियांचं तेल भेसळ झालं, जलशोफाची, म्हणजे अंगाला सूज आणणाऱ्या आजाराची साथ आली, साठच्या वर माणसं गेली. त्यानंतर त्याच वर्षी खाद्यतेल पॅक करूनच विकायचा आदेश निघाला. म्हणजे पाकीट नुसतं माल धरत नाही, ते भरवसा धरतं, कोणी भरलं, कधी भरलं, मधे कोणी हात घातला नाही ना. रिफिलचं दुकान काढणाऱ्यानं हा भरवसा दुसरीकडून आणून द्यायला लागतो, सीलबंद टाकी, नळाला मीटर, बॅच नंबर छापलेली पावती. म्हणून रिफिलची सुरुवात फरशी पुसायचं लिक्विड, कपड्यांचा साबण असल्या गोष्टींपासून करणं शहाणपणाचं, तिथं कोणाच्या पोटात काही जात नाही, आणि डाळ-तांदूळ तर आपण आजही कोपऱ्यावरच्या वाण्याकडून कागदाच्या पुडीत आणू शकतो, फक्त मॉलमध्ये गेलो की विसरतो.

प्लास्टिक काढून दुसरं काहीतरी आणायचं म्हटलं की अजून एक खड्डा आहे. लग्नात, कपड्यांच्या दुकानात मिळणारी ती कापडासारखी पिशवी, नॉन-वोव्हन, ती कापडाची नाही, पॉलिप्रॉपिलीनच आहे, काडी लावून बघा, वितळेल (घरात नको, गॅलरीत). कंपोस्टेबल पिशव्या बहुतेक औद्योगिक कंपोस्टच्या उष्णतेत कुजायला बनवलेल्या असतात, नाल्यात त्या लगेच विरघळतील असं धरू नका, शिवाय त्या चुकून दुधाच्या पिशव्यांत मिसळल्या तर दाणा खराब करतात. आणि खरी सुती पिशवी? डेन्मार्कच्या पर्यावरण खात्यानं २०१८ मध्ये हिशोब मांडला होता, फक्त हवामानबदलाचा परिणाम बघितला तरी साधी सुती पिशवी पन्नासच्या वर वेळा वापरली तर ती सुपरमार्केटच्या एका प्लास्टिक पिशवीच्या बरोबरीला येते. कचरा आणि नाल्यांचा प्रश्न त्या हिशोबात नीट येत नाही, त्यामुळे त्यावरून प्लास्टिक चांगलं असा निष्कर्ष काढू नका, पण दर कार्यक्रमात फुकट वाटलेल्या आणि कपाटात ढीग लागलेल्या सुती पिशव्यांबद्दल मात्र तो हिशोब बरोबर आहे. जुन्या साडीची शिवलेली पिशवी या सगळ्यातून सुटते, तिचा कापूस आधीच जगून झालेला असतो.

आणि कंपन्यांचं काय, तर त्यांच्यासाठी ईपीआर आहे, उत्पादकाची विस्तारित जबाबदारी. फेब्रुवारी २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे जेवढं प्लास्टिक बाजारात टाकाल तेवढ्याची विल्हेवाट लावल्याचं सर्टिफिकेट दाखवायचं, कडक प्लास्टिक, मऊ प्लास्टिक, एमएलपी असे वेगळे गट, आणि कडक पॅकिंगमध्ये २०२५-२६ पासून ३० टक्के रिसायकल केलेला माल वापरायचं लक्ष्य. कल्पना बरोबर आहे. पण सर्टिफिकेट विकत मिळतं, आणि २०२३ मध्ये काही रिसायकलरनी न केलेल्या कामाची लाखो सर्टिफिकेटं काढल्याचं केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळालाच सापडलं. माझ्या मते खरी किल्ली आहे ती कंपनीनं पॅकिंगवर भरायच्या फीमध्ये. फ्रान्ससारख्या देशात रिसायकल करायला अवघड पॅकिंगला जास्त फी आणि सोप्याला कमी असं करतात, म्हणजे ते चकाकणारं पीव्हीसीचं लेबल निवडताना एसी ऑफिसातल्या माणसाला तिथंच, त्याच एक्सेल शीटमध्ये ते महाग दिसतं. नंतर कोणीतरी गोळा करेल या भरवशावर जे चालतं ते असं आधी टोचायला पाहिजे.

आमची ती गोणी अजून बाल्कनीतच आहे. परवा मामा परत आले, मी विचारलं, ही पाकिटं सगळी एकाच प्लास्टिकची असती तर घेतली असती का? त्यांनी एक पाकीट उचललं, बोटांत चोळलं, कानाजवळ नेऊन वाजवलं. "धुवून, सुकवून, बांधून ठेवाल? किलोभर? मग बघू भाव काय लागतो," म्हणाले, आणि दुधाच्या पिशव्या तराजूत टाकल्या.